कोरफड : घरातील व बागेतील लागवड आणि निगा



आपल्या देवळाच्या मागील आवारात कुंपणालगत कोरफडीचा एक जुना वाफा आहे. पावसाळा ओसरला की त्यातील पिल्ले अनेक कुटुंबे मागून नेतात आणि पुढील वर्षी त्यांपैकी बरीच मंडळी रोप सडल्याचे सांगत पुन्हा येतात. कोरफडीला काहीच लागत नाही, ती आपोआप वाढते, हा समज आपल्याकडे दृढ आहे. तो अर्धाच खरा आहे. तिला थोडेच लागते, परंतु जे लागते ते नेमके लागते. दुसरी बाब याहून महत्त्वाची. सकाळी उपाशीपोटी कोरफडीचा रस घेण्याची प्रथा अलीकडे फार वाढली आहे. ते पान कोणत्या जातीचे, त्यातील कोणता भाग पोटात जातो आहे, याची चौकशी मात्र क्वचितच होते. या दोन्ही कारणांस्तव सदर माहिती एकत्र करून देत आहोत.

नाव, कूळ आणि मूळ स्थान

संस्कृतात हिला कुमारी व घृतकुमारी म्हणतात. हिंदीत ग्वारपाठा अथवा घीकुंवार, गुजरातीत कुंवारपाठुं, कन्नडमध्ये लोळेसर आणि येथे हैदराबादेत आपल्या तेलुगू शेजाऱ्यांच्या तोंडी कलबंद. भावप्रकाशासारख्या निघंटूत कुमारीचे गुणवर्णन आहे व कुमारी आसव हे औषध वैद्यांच्या परंपरेत आजही चालू आहे. इतका जुना परिचय असल्यामुळे ही वनस्पती अस्सल भारतीयच, असे बहुतेकांस वाटते. वनस्पतिशास्त्रज्ञ आता तिचे मूळ अरबस्तानच्या द्वीपकल्पात, विशेषतः ओमानच्या उत्तरेकडील डोंगराळ भागात मानतात. अरबी समुद्रातून प्राचीन काळापासून चाललेला व्यापार पाहता ती आपल्या किनाऱ्यावर केव्हातरी गलबतांतून उतरली असावी, हे समजण्यासारखे आहे.

शास्त्रीय नावाचा इतिहासही मनोरंजक आहे. लिनियसने १७५३ साली कोरफडीच्या निरनिराळ्या प्रकारांची एकत्र नोंद करताना हिला ‘व्हेरा’ म्हणजे ‘खरी’ असे विशेषण दिले. पुढे १७६८ साली बर्मन या अभ्यासकाने ‘अ‍ॅलो व्हेरा’ हे स्वतंत्र नाव प्रसिद्ध केले आणि त्याच वर्षी, अवघ्या काही दिवसांच्या अंतराने, इंग्लंडमधील फिलिप मिलरने त्याच वनस्पतीला ‘अ‍ॅलो बार्बाडेन्सिस’ असे नाव दिले. वेस्ट इंडीजमधील बार्बाडोस बेटावर त्या काळी तिची लागवड होत असे. आधीचे नाव ग्राह्य धरावे या नियमानुसार आज ‘अ‍ॅलो व्हेरा’ हेच मान्य नाव आहे. बाटल्यांवर ‘बार्बाडेन्सिस’ असे छापलेले दिसले तर ते काही निराळे व अधिक गुणकारी झाड आहे, असे समजू नये.

एक घोटाळा येथेच दूर केलेला बरा. बायबलच्या इंग्रजी भाषांतरांत सुगंधी द्रव्यांच्या यादीत ‘अ‍ॅलोज’ हा शब्द येतो. तेथील अर्थ कोरफड नसून अगरू, म्हणजे ज्याच्यावरून आपण अगरबत्ती हा शब्द घेतला ते सुगंधी लाकूड, असा आहे. कोरफडीला तसा सुगंध नाही.

खरी कोरफड ओळखावी कशी

अ‍ॅलो या प्रजातीत पाचशेहून अधिक जाती आहेत. त्यांतील बहुतेक आफ्रिका खंडात, मादागास्करमध्ये व अरबस्तानात वाढतात. रोपवाटिकांत ‘कोरफड’ म्हणून यांतील अनेक जाती विकल्या जातात. सगळ्याच शोभेच्या दृष्टीने चांगल्या असल्या, तरी सगळ्यांचा गर अंगास लावण्याजोगा अथवा खाण्याजोगा नसतो.

औषधी कोरफडीचे पान राखाडी छटेचे हिरवे, जाड व मांसल असते. त्याच्या कडांना फिकट रंगाचे लहान, मऊसर काटे असतात. रोप लहान असताना पानांवर पांढरे ठिपके दिसतात, पण ते वाढत्या वयाबरोबर पुसट होत जातात. खोड जवळजवळ नसतेच आणि पाने जमिनीलगतच गुच्छासारखी फुटतात. दोन-तीन वर्षांच्या रोपास थंडीच्या अखेरीस उंच दांडा येतो व त्यावर खाली झुकलेली पिवळी नळीदार फुले लागतात. ठिपके मोठ्या वयातही कायम राहिले आणि फुले केशरी अथवा तांबडी आली, तर ते रोप शोभेसाठी ठेवावे, त्याचा गर काढू नये.

याहून मोठी फसगत घायपाताच्या बाबतीत होते. घायपात दिसायला कोरफडीच्या मोठ्या भावासारखा असला तरी तो अमेरिकेतून आलेला, निराळ्या कुळातला आहे. त्याचे पान मोडून पाहिल्यास आत दोरखंडाला लागणारे चिवट धागे दिसतात, उलट कोरफडीचे पान सुरीने काकडीसारखे कापले जाते. घायपाताच्या रसात सूक्ष्म सुईसारखे स्फटिक असतात व तो त्वचेस लागल्यास आग व पुरळ उठते. घायपात आयुष्यात एकदाच फुलतो आणि मरतो, कोरफड मात्र दरवर्षी फुलते. रस्त्याच्या कडेच्या बांधावरून पान तोडून आणणाऱ्यांनी हा फरक नीट लक्षात ठेवावा.

कुंडी आणि माती

रोप सडण्याचे मूळ कारण बहुधा मातीत असते, पाण्यात नंतर. आपल्याकडे कुंडीत काळी माती भरण्याची सवय आहे. काळी माती पाणी धरून ठेवते व सुकली की दगडासारखी आवळते. कोरफडीला या दोन्ही गोष्टी मानवत नाहीत. दोन भाग लाल माती, एक भाग जाड वाळू अथवा बारीक मुरूम आणि एक भाग पूर्ण कुजलेले शेणखत किंवा पालापाचोळ्याचे खत, असे मिश्रण आमच्या अनुभवास उतरले आहे. वाळू नदीची, जाड दाण्याची हवी. बांधकामावर उरलेली चाळलेली बारीक वाळू मातीत मिसळली की उलट ती अधिक घट्ट होते. मूठभर निंबोळी पेंड घातल्यास मुळांना उपद्रव करणारे किडे कमी होतात.

कुंडी मातीची, न रंगवलेली असावी. तिच्या अंगातून ओल बाहेर झिरपते, म्हणून प्लास्टिकच्या कुंडीपेक्षा ती कोरफडीस कितीतरी सोयीची. मुळे खोल जात नाहीत, आडवी पसरतात. त्यामुळे उंच कुंडीपेक्षा दहा-बारा इंच तोंडाची, पसरट कुंडी निवडावी. तळाला भोक हवेच. भोकावर खापरीचा एक तुकडा ठेवला की पुरे. तळाशी खडीचा जाड थर घातल्याने निचरा सुधारतो, ही समजूत घरोघर आहे, पण ती बरोबर नाही. बारीक मातीतील पाणी जाड खडीत सहजासहजी उतरत नाही, ते थराच्या वरच थांबते आणि ओलीची पातळी मुळांच्या अधिक जवळ येते. खडी घालायचीच असेल तर ती मातीत मिसळावी.

कुंडीखाली बशी ठेवण्याची पद्धत सदनिकांत आवश्यक ठरते. तेव्हा पाणी घातल्यावर अर्ध्या तासाने बशी रिकामी करण्याचा नेम ठेवावा.

पाणी

कोरफडीच्या जगण्याची रीत एकदा समजली की पाण्याचा हिशेब आपोआप कळतो. सामान्य झाडे दिवसा पानांची सूक्ष्म छिद्रे उघडून हवा घेतात व त्याच वाटेने त्यांचे पाणी उडून जाते. कोरफड दिवसा ही छिद्रे मिटून घेते व रात्री, हवा गार झाल्यावर उघडते. रात्री घेतलेला कार्बन डायऑक्साइड ती आम्लाच्या रूपात साठवते आणि दिवसा सूर्यप्रकाशात त्यापासून अन्न तयार करते. शिवाय पानावर मेणाचा थर आणि आत पाण्याने भरलेला गर असतो. वाळवंटी प्रदेशातील अनेक वनस्पतींनी ही काटकसर साधली आहे. अशा रोपास रोज तांब्याभर पाणी घालणे म्हणजे भरल्या पोटी पंगतीत बसवण्यासारखे आहे.

मातीत दोन इंच बोट खुपसून पाहावे. आत कोरडे लागले तरच पाणी घालावे, पण घालताना तळाच्या भोकातून वाहेपर्यंत भरपूर घालावे. थोडे थोडे, वरवरचे पाणी नको. हैदराबादच्या एप्रिल-मेच्या उन्हात कुंडीतील रोपास पाच ते सात दिवसांनी, थंडीत पंधरा ते वीस दिवसांनी पाणी पुरते. जून ते सप्टेंबर उघड्यावरील रोपास आपण पाणी घालण्याचे कारणच नाही. पाणी मातीवर घालावे, पानांच्या गुच्छाच्या मध्यभागी साचू देऊ नये.

रोप स्वतः सांगते, फक्त पाहणारा हवा. पाने पातळ होऊन आत वळू लागली तर तहान आहे. बुडाशी पिवळी, मऊ व पाणचट झाली तर पाणी अति झाले. नेमक्या याच अवस्थेत रोप मलूल दिसते म्हणून लोक आणखी पाणी घालतात व ते दगावते. पाने लांबट, फिकट होऊन आडवी पडली तर उजेड कमी आहे. उन्हाळ्यात पाने तांबूस-तपकिरी झाली तर घाबरू नये, तो उन्हाचा ताण असतो व पावसाच्या पहिल्या सरीनंतर हिरवा रंग परत येतो. कूपनलिकेचे जड पाणी वापरणाऱ्यांच्या कुंडीवर पांढरा थर चढतो आणि पानांची टोके करपतात. वर्षातून एकदा पावसाचे साठवलेले पाणी कुंडीतून भरपूर वाहू दिल्यास क्षार निघून जातात.

निरनिराळ्या गावी

आपल्या सभासदांची कुटुंबे अनेक गावी विखुरलेली आहेत व नातेवाइकांकडे रोपे पाठवण्याची चाल आहे, म्हणून हे थोडे विस्ताराने. हैदराबादचे हवामान व येथील मुरमाड लाल जमीन कोरफडीस अनुकूल आहे. दिवसातून चार-सहा तास ऊन मिळेल अशी जागा द्यावी. सज्जा पश्चिमेकडे असेल तर मे महिन्यात दुपारची थोडी सावली करावी. घराच्या आतील रोप एकाएकी कडक उन्हात ठेवू नये, पाने भाजल्यासारखी पांढरी पडतात. दहा-बारा दिवसांत हळूहळू ऊन वाढवावे.

गोव्याची गोष्ट वेगळी. तेथे चार महिन्यांत सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो. जमिनीत लावायची असल्यास फूटभर उंचीचा वाफा करून त्यात वाळू व मुरूम सढळ हाताने घालावा, कुंड्या मात्र ओसरीवर ओढून घ्याव्यात. बेळगावकरांनीही आषाढ-श्रावणात हाच उपाय करावा. इंदूर व बडोदे येथे फारशी अडचण नाही, फक्त माळव्याच्या काळ्या जमिनीत थेट लावण्याऐवजी वाफा उंच करून घ्यावा. ग्वाल्हेरला कसोटी थंडीची. पौष महिन्यात तेथे पारा कधी कधी गोठणबिंदूच्या जवळ जातो. पाने पाण्याने भरलेली असल्याने धुके व हिम पडले की ती आतून फुटतात व काळी पडतात. डिसेंबर-जानेवारीत कुंडी रात्री घरात घ्यावी व त्या काळात पाणी जवळजवळ बंद ठेवावे. कोरड्या मातीतील रोप थंडी अधिक सोसते.

पिल्ले वेगळी करणे

कोरफडीचे बी धरणे दुर्मीळ. ती वाढते ती बुडाशी फुटणाऱ्या पिल्लांपासून. पान तोडून मातीत खोचल्यास नवे रोप येते, असे सांगणारे बरेच भेटतात. इतर काही मांसल वनस्पतींत तसे होते, पण कोरफडीचे पान बहुधा सडून जाते. तो खटाटोप करू नये.

पिल्लू चार-पाच इंचांचे झाले, त्याला स्वतःची तीन-चार पाने व थोडी मुळे आली की काढावे. फेब्रुवारी-मार्च अथवा पाऊस संपल्यानंतरचा ऑक्टोबर हा काळ उत्तम. आधी दोन-तीन दिवस पाणी तोडावे, मग मूळ रोप कुंडीतून काढून माती झाडावी व पिल्लू मुळासकट अलगद सोडवावे. जोडलेले असेल तर स्वच्छ सुरीने कापावे. येथेच सर्वाधिक चुकते. कापलेले पिल्लू लगेच ओल्या मातीत लावू नये. दोन-तीन दिवस सावलीत, वर्तमानपत्रावर नुसते ठेवावे म्हणजे जखम सुकून खपली धरते. नंतर किंचित ओलसर मातीत, पानांचा बुंधा वर राहील एवढेच खोल लावावे व पहिले पाणी पाच-सहा दिवसांनी द्यावे. देवळातून नेलेली पिल्ले सडतात ती प्रायः याच कारणाने : घरी नेल्या नेल्या लावली जातात आणि त्याच संध्याकाळी त्यांना भरपूर पाणी मिळते.

बागेत जमिनीवर लावताना दोन रोपांत दीड ते दोन फूट अंतर ठेवावे. पहिल्या वर्षी पान तोडण्याचा मोह आवरावा. दर दोन वर्षांनी कुंडी बदलावी अथवा पिल्ले काढून माती नवी करावी. खत वर्षातून दोनदा, ओंजळभर गांडूळखत किंवा शेणखत, एवढेच. रासायनिक खतांनी पाने फुगतात व लवकर कुजतात.

कीड व रोग

खरे संकट कुजीचे. बुंधा मऊ पडून दुर्गंधी येऊ लागली तर रोप उपटावे, सडलेला भाग पांढरा निरोगी गाभा दिसेपर्यंत कापून टाकावा, आठवडाभर सुकू द्यावे व कोरड्याशा नव्या मातीत लावावे. गाभाच सडला असेल तर रोप टाकून द्यावे आणि ती माती पुन्हा वापरू नये. पानांच्या बेचक्यात कापसासारखे पांढरे पुंजके दिसले तर तो पिठ्या ढेकूण होय. कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये भिजवून पुसून काढावा व आठवड्याने पुन्हा पाहावे. मुंग्यांची रांग रोपावर चढताना दिसली तर मावा अथवा पिठ्या आहे असे समजून पाने उलटून पाहावीत. पानांवर तपकिरी-काळे गोल डाग पडल्यास ती पाने काढावीत, रोपांत हवा खेळेल असे अंतर करावे व पानांवर पाणी शिंपडणे थांबवावे.

गर, चीक आणि सावधगिरी

पान कापल्यास सालीलगतच्या थरातून पिवळा, अतिशय कडू चीक पाझरतो आणि आत स्वच्छ, बेचव असा गर असतो. या दोन गोष्टी एकाच पानात असल्या तरी त्यांचे गुण भिन्न आहेत. गरात जवळजवळ ९९ टक्के पाणी व उरलेल्यात मुख्यतः बहुशर्करा असतात. चिकात अ‍ॅलोइनसारखी तीव्र रेचक द्रव्ये असतात. हाच चीक आटवून काळाबोळ तयार होतो, जो आपल्या घरांत मुक्या मारावर लेप म्हणून पूर्वापार आहे व येथील अत्तारांकडे मुसब्बर या नावाने मिळतो. हिराबोळ ही अगदी निराळ्या झाडाची राळ आहे. केवळ ‘बोळ’ या शब्दावरून एकाच्या जागी दुसरा घेऊ नये, विशेषतः बाळंतिणीसाठी घेताना तर मुळीच नाही.

चिकाबद्दल आधुनिक शास्त्राचा निर्णयही सावध आहे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००२ साली कोरफडीच्या चिकापासूनची रेचके चिठ्ठीशिवाय विकण्यास बंदी केली, कारण त्यांच्या सुरक्षिततेचा पुरेसा पुरावा उत्पादकांकडून आला नव्हता. त्यानंतर तेथील राष्ट्रीय विषशास्त्र कार्यक्रमाने चिकासह संपूर्ण पानाचा अर्क उंदरांना दोन वर्षे पाण्यातून दिला असता त्यांच्या मोठ्या आतड्यात गाठी आढळल्या. याच पुराव्यावर जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने संपूर्ण पानाच्या अर्काची गणना ‘माणसात कर्करोगकारक असण्याची शक्यता’ असलेल्या गटात केली आहे. हे निष्कर्ष चिकासह काढलेल्या अर्काविषयी आहेत, धुतलेल्या गराविषयी नाहीत, हे नीट वाचावे. बाजारातील रस घेणाऱ्यांनी त्यातील अ‍ॅलोइनचे प्रमाण छापले आहे का ते पाहावे. पिण्याच्या पदार्थात ते दहा लाखांत १० भागांहून कमी असावे, असे या व्यवसायाचे स्वतःचे मानक आहे.

आमचे स्पष्ट मत असे की, सालीसकट पान मिक्सरमध्ये फिरवून रोज पिणे बंद करावे. गर्भवती व स्तनपान देणाऱ्या स्त्रिया, लहान मुले, मूत्रपिंडाचे अथवा आतड्याचे विकार असलेले आणि मधुमेहाची वा हृदयाची औषधे घेणारे यांनी वैद्यांना अथवा डॉक्टरांना विचारल्याशिवाय कोरफड पोटात घेऊच नये. ‘नैसर्गिक आहे, अपाय होणार नाही’ हे वाक्य धोतऱ्यालाही लागू पडते, हे विसरू नये. राजस्थानात ग्वारपाठ्याची भाजी करतात, तीही काटे काढून, तुकडे मीठ-हळदीच्या पाण्यात उकळून, ते पाणी फेकून देऊन. त्या गृहिणींना कडू चिकाचे मर्म पुस्तकाशिवाय उमगलेले आहे.

बाहेरून लावण्यासाठी गर काढण्याची पद्धत अशी. सर्वांत खालचे, बाहेरचे, पूर्ण वाढलेले पान बुडापासून कापावे. मधली कोवळी पाने तोडल्यास रोपाची वाढ खुंटते. एका वेळी दोन-तीन पानांहून अधिक घेऊ नयेत. कापलेले टोक खाली करून पान वाटीत पंधरा-वीस मिनिटे उभे ठेवावे म्हणजे पिवळा चीक गळून जातो. मग धुवून, दोन्ही काटेरी कडा व साल जाडसर काढून गर पुन्हा पाण्यात खळबळून घ्यावा. हवेशी संपर्क येताच तो बिघडू लागतो, म्हणून शीतपेटीत दोन-तीन दिवसांपलीकडे ठेवू नये. प्रथम मनगटाच्या आतील बाजूस थोडा लावून एक दिवस वाट पाहावी, काहींना त्याने खाज सुटते. किरकोळ भाजणे, उन्हाने त्वचा लाल होणे यांवर त्याने थंडावा मिळतो. खोल जखम, टाके घातलेली जागा किंवा मोठे भाजणे यांवर मात्र लावू नये. शस्त्रक्रियेच्या उघड्या जखमा कोरफडीच्या लेपाने उलट उशिरा भरून आल्याचे १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसले होते. घरात कुत्रे वा मांजर असल्यास कुंडी त्यांच्या तोंडापासून दूर ठेवावी, चिकाने त्यांना उलट्या व जुलाब होतात.

‘कोरफड रात्री प्राणवायू देते, म्हणून शयनगृहात ठेवावी’ असे संदेश वारंवार येतात. रात्री ती हवा आत घेते हे खरे, पण प्राणवायू तयार होण्यास सूर्यप्रकाश लागतो, अंधारात तो होत नाही. हवा शुद्ध करण्याच्या कीर्तीचे मूळ १९८९ सालच्या नासाच्या एका प्रयोगात आहे. तो बंद पेटीत केलेला होता. २०१९ साली अशा सर्व प्रयोगांचे पुनरवलोकन झाले, तेव्हा खिडकीतून येणाऱ्या वाऱ्याची बरोबरी करण्यास दर चौरस मीटरला किमान दहा व कदाचित हजार कुंड्या लागतील, असे गणित निघाले. खिडकी उघडणे स्वस्त.

शोभेच्या काही जाती

बागेची हौस असणाऱ्यांसाठी दोन शब्द. झुडपासारखी वाढणारी व थंडीत लाल-केशरी तुरे देणारी ‘अ‍ॅलो आर्बोरेसन्स’ कुंपणालगत सुरेख दिसते. तिच्या फांदीचे तुकडेही रुजतात. पट्टेदार पानांची, पूर्वी ‘अ‍ॅलो व्हॅरिगाटा’ म्हणून ओळखली जाणारी जात सज्जातील छोट्या कुंडीस योग्य, फक्त पावसात तिला झाकावे लागते. फुलांच्या दिवसांत शिंजीर पक्षी मधासाठी येतात, तेवढ्यासाठीच दोन रोपे लावावीत असे आम्हांस वाटते. औषधी कोरफड वगळता अ‍ॅलोच्या इतर बहुतेक सर्व जातींचा आंतरराष्ट्रीय व्यापार वन्यजीवविषयक कराराखाली नियंत्रित आहे. त्यामुळे परदेशाहून सामानातून रोप आणण्याच्या भानगडीत न पडता येथील रोपवाटिकेतील वाढवलेले रोप घ्यावे.

दारावरची कोरफड

आपल्या शहरात अनेक घरांच्या व दुकानांच्या चौकटीवर कोरफडीचे रोप मुळे वर करून टांगलेले दिसते. दृष्ट लागू नये म्हणून ही प्रथा आहे आणि आपल्याही अनेक कुटुंबांनी ती शेजाराने उचलली आहे. माती नाही, पाणी नाही, तरी ते रोप महिनोन्‌महिने हिरवे राहते आणि कधी कधी उलटे टांगलेले असतानाच दांडा वर वळवून फुलते. वर सांगितलेली काटकसर हेच त्याचे कारण. मेणाचा थर व मिटलेली छिद्रे यांमुळे ते जुन्या पानांतील ओलावा पुरवून पुरवून नव्या पानांस देत जगते, मात्र दर महिन्यास थोडे थोडे सुकत असते.

वर्षअखेरीस नवे रोप बांधताना जुने नाल्यात अथवा तलावात टाकले जाते. तसे न करता ते उतरवावे, सुकलेली मुळे व वाळलेली पाने कापावीत, दोन दिवस सावलीत ठेवावे आणि किंचित ओलसर वाळूमिश्रित मातीत, ऊन न लागेल अशा जागी लावावे. पहिले पाणी आठवड्याने. मधला कोंब घट्ट व हिरवा असेल तर तीन-चार आठवड्यांत नवी मुळे धरतात. ज्यांना घरी जागा नाही त्यांनी असे रोप देवळाच्या कार्यालयात सकाळच्या आरतीनंतर आणून द्यावे. मागील वाफ्यात त्याची सोय करण्यात येईल. पिल्ले नेण्यासाठी येणाऱ्यांनी कृपया स्वतःची पिशवी व जुने वर्तमानपत्र सोबत आणावे.

– सचिव, विश्वस्त मंडळाकरिता